आधी पोट मोकळं, मग पथ्य

प्रश्न : मी मूळची सांगलीची. नवरा केनियाचा, किकुयू समाजातला. तो पुण्यात शिकायला आला होता, तिथेच ओळख झाली. लग्नानंतर आम्ही नाकुरूला राहतो. मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे. गेल्या वर्षी नैरोबीत ऑटिझमचं निदान झालं. बोलतो अगदी मोजकं. खातो पाचच गोष्टी : एका ठरावीक बेकरीचा पांढरा ब्रेड, चिप्स (म्हणजे इथले तळलेले बटाट्याचे लांब तुकडे), साखर घातलेला दुधाळ चहा, साधी बिस्किटं आणि गुलाबी स्ट्रॉबेरी योगर्ट. शी पाच-सहा दिवसांनी होते, तीही रडत. मधल्या दिवसांत चड्डीला पातळ डाग लागतात, त्यामुळे 'जुलाब झालेत' म्हणून शाळेने दोनदा घरी पाठवलं. रात्री उठून सोफ्याच्या हातावर पोट दाबून पडून राहतो.

ऑनलाइन भेटलेल्या एका आहार सल्लागाराचं म्हणणं असं की आफ्रिकन रक्ताच्या मुलांना गहू आणि दूध पचतच नाही, त्याने आतड्याला गळती लागते आणि विष मेंदूपर्यंत जातं. उपाय म्हणून सहा महिन्यांचं पॅकेज : गहू-दूध बंद, शीची परदेशात तपासणी, प्रोबायोटिक (जिवंत जिवाणूंचं औषध) आणि 'डिटॉक्स'चे थेंब. किंमत आमच्या तीन महिन्यांच्या घरभाड्याएवढी. चर्चमधल्या बायका उंटिणीचं दूध द्या म्हणतात. न्येरीहून सासूबाई विचारतात, "ब्रेड कसला देता, उजी द्या." (उजी म्हणजे इथली पिठाची पातळ पेज.) आई सांगलीहून एरंडेल पाठवतेय. नवरा म्हणतो, पॅकेज घेऊन टाकू, निदान प्रयत्न केल्याचं समाधान. गरोदरपणात माझ्याच खाण्यात काही चुकलं का, हेही मनातून जात नाही. काय करू?
— एक आई, नाकुरू

उत्तर : पॅकेजचे पैसे भरले नसतील तर भरू नका. बाकीचं सविस्तर सांगते, पण आज एवढं नक्की करा.

तुमच्या पत्रात सगळ्यांत महत्त्वाचं काय आहे, तर पाच-सहा दिवसांनी होणारी शी, चड्डीवरचे डाग आणि सोफ्याच्या हातावर दाबलेलं पोट. गहू, दूध, रक्त, विष हे सगळं नंतर. तुमच्या वर्णनावरून तरी या मुलाला जुनी, साचलेली बद्धकोष्ठता आहे असं दिसतं आणि त्याचं पोट दुखतंय. त्या पॅकेजमध्ये या दुखण्यावर काहीच नाही.

शाळेला जे जुलाब वाटतात, ते बहुधा जुलाब नव्हेत. शी आत साचून घट्ट गोळा झाला की गुदाशय ताणला जातो आणि लागल्याची जाणीव बोथट होते. मग वरची पातळ शी त्या गोळ्याच्या कडेने झिरपते, गटारात दगड अडकला की पाणी बाजूने वाट काढतं तशी. मुलाला ते कळत नाही, थांबवताही येत नाही. अशा वेळी जुलाब समजून शी बांधणारं औषध दिलं, तर गोळा आणखी पक्का होतो. म्हणून पहिली भेट बालरोगतज्ज्ञाची. नाकुरूच्या काउंटी रुग्णालयात दाखवा किंवा नैरोबीत ज्यांनी निदान केलं त्यांच्याकडे जा, पण जाताना दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा : शी कोणत्या दिवशी झाली, घट्ट की पातळ, डाग कधी, रात्री किती वाजता उठला. डॉक्टर पोट हाताने तपासतील, एवढ्यावरही पुष्कळ कळतं.

आधी आतलं साचलेलं बाहेर काढावं लागतं आणि त्यानंतर ते पुन्हा साचू नये म्हणून औषध चालू ठेवावं लागतं. मुलांसाठी सहसा मॅक्रोगॉल किंवा लॅक्ट्युलोज वापरतात. दोन्ही शीमध्ये पाणी धरून ठेवतात. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांकडूनच घ्या. हे औषध आठवडाभराचं नसतं, कित्येक महिने चालतं. बहुतेक घरांत चूक होते ती इथे. शी नीट व्हायला लागली की आई-वडील 'सवय लागेल' या भीतीने औषध बंद करतात आणि महिन्याभरात गाडं मूळपदावर येतं. ताणलेला गुदाशय पूर्ववत व्हायला वेळ लागतो. या औषधांची सवय लागत नाही.

जोडीला रोज नाश्त्यानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर पाच ते दहा मिनिटं संडासात बसवा. जेवल्यावर आतडी आपोआप हलतात, त्याचा फायदा घ्यायचा. पाय लोंबकळू देऊ नका. पायाखाली काही तरी उंच ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. शी झाली नाही तरी रागवायचं नाही, झाली तर मोठा सोहळाही नको. ऑटिझमच्या मुलांना कधी फ्लशचा आवाज, कधी थंड सीट, कधी संडासाचा वास सहन होत नाही. त्याला नेमकं काय खुपतं ते बघा. फ्लश तो बाहेर पडल्यावर करा.

न बोलणाऱ्या मुलाचं दुखणं वागण्यातून बाहेर येतं. पोट कडक वस्तूवर दाबणं, पाठीची कमान करणं, रात्री उठणं, एकाएकी स्वतःला मारणं किंवा चावणं, जेवता जेवता उठून पळणं. घरचे म्हणतात, 'ऑटिझमच वाढला.' पोट मोकळं झालं की यातलं बरंच कमी होतं आणि मग ज्याचं औषध सुरू असेल त्याच्या नावावर ते जमा होतं. अशा पॅकेजांच्या जाहिरातीत आया जे अनुभव सांगतात ते खोटंच बोलतात असं मी म्हणणार नाही. मूल शांत झालेलं त्यांनी पाहिलेलं असतं. फक्त, दुखायचं थांबलं म्हणून ते शांत झालं असेल.

आता पोट आणि ऑटिझम यांच्या नात्याबद्दल. नातं आहे. २०१४ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ऑटिझम असलेल्या मुलांत पोटाच्या तक्रारी इतर मुलांच्या चौपटीहून जास्त निघाल्या, बद्धकोष्ठताही साधारण त्याच प्रमाणात. पण कोण कोणामुळे, हा खरा प्रश्न आहे. 'आतड्यातून ऑटिझम होतो' ही कल्पना जगभर पसरवली ती ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांच्या १९९८ च्या लेखाने. त्यात अवघी १२ मुलं होती, आणि आतड्याच्या आजाराची सांगड गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीशी घातली होती. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो लेख २०१० मध्ये मागे घेतला, त्याच वर्षी वेकफील्ड यांचा वैद्यकीय परवानाही गेला. त्याची किंमत एका आफ्रिकन समाजाने मोजली, म्हणून मुद्दाम सांगते. अमेरिकेत मिनिआपोलिसला सोमाली कुटुंबांची मोठी वस्ती आहे. आपल्या मुलांत ऑटिझम जास्त का दिसतो, या काळजीत तिथले आई-वडील होते आणि त्यांना उत्तर द्यायला वेकफील्ड स्वतः तिथे जाऊन आले. २००४ मध्ये तिथल्या सोमाली मुलांपैकी ९२ टक्क्यांना ती लस मिळत होती. २०१४ मध्ये प्रमाण ४२ टक्क्यांवर आलं. २०१७ मध्ये मिनेसोटात गोवराची साथ आली. रुग्ण ७५, बहुतेक सोमाली घरांतली लहान मुलं. तुमच्या सल्लागाराने लसीचा विषय अजून काढला नसेल. काढला, तर तिथून उठा.

आतड्यातल्या जिवाणूंबद्दल अलीकडे बरंच छापून येतं. ऑस्ट्रेलियात २४७ मुलांचा एक अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑटिझम असलेली मुलं, त्यांची भावंडं आणि इतर मुलं अशी तुलना होती. जिवाणूंतला फरक ऑटिझमशी थेट फारसा जुळला नाही, आहाराशी जुळला. म्हणजे मूल मोजकेच पदार्थ खातं, म्हणून जिवाणूंची विविधता घटते आणि शीचा पोत बिघडतो. तुमच्या मुलाचे पाच पदार्थ आठवा. ब्रेड, बटाटा, बिस्किट, चहा, योगर्ट. यात चोथा जवळजवळ नाहीच. परदेशी प्रयोगशाळेने त्याच्या शीतल्या जिवाणूंची यादी रंगीत तक्त्यात छापून पाठवली तरी तिच्यावरून ऑटिझमचा उपचार ठरवता येत नाही. ते पैसे वाचवा. प्रोबायोटिक बहुतेक मुलांना अपाय करत नाही, पण ऑटिझम कमी करतं असा भरवशाचा पुरावा नाही आणि तुमच्या मुलाच्या पोटातला गोळाही त्याने निघणार नाही.

मग 'आफ्रिकन रक्त'. या वाक्याचा मला राग आला, ते आधी सांगते. आफ्रिका म्हणजे एक पोट नव्हे. दुधाचंच घ्या. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता युरोपातल्या लोकांत एका जनुकीय बदलामुळे आली. केनिया, टांझानिया आणि सुदानमधल्या गुरं पाळणाऱ्या समाजांत ती वेगळ्याच बदलांमुळे, स्वतंत्रपणे आली, हे २००७ मध्ये दाखवून दिलं गेलं. तुमच्या शेजारच्या रिफ्ट व्हॅलीतले कालेंजिन आंबवलेल्या दुधाच्या 'मुरसिक'वर वाढलेत. गव्हाचं म्हणाल तर सिलिअ‍ॅक या आजाराचं (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो) मोजलेलं सर्वांत जास्त प्रमाण पश्चिम सहारातल्या साहरावी लोकांत सापडलं होतं, पाच टक्क्यांहून जास्त. साहरावींवरून किकुयूंचं ठरवणं म्हणजे काश्मिरींवरून कोकण्यांचं ठरवण्यासारखं.

रक्तापेक्षा ताटात काय आहे याने पोट कसं बदलतं, याचे पुरावे उलट आफ्रिकेतूनच आले आहेत. बुर्किना फासोतल्या बूलपाँ गावातली मुलं बाजरी, ज्वारी आणि चवळी खाऊन वाढतात. त्यांच्या आतड्यातले जिवाणू इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या मुलांपेक्षा कितीतरी वेगळे निघाले, चोथा पचवणाऱ्या जातींनी भरलेले. आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० आफ्रिकी-अमेरिकनांना दोन आठवडे दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातला आहार दिला, खेड्यातल्या २० जणांना अमेरिकी. पंधरवड्यात दोन्हीकडे आतड्याचं चित्र बदललं. दोन्ही गटांचे पूर्वज आफ्रिकेतलेच. बदललं ते जेवण.

गहू आणि दूध बंद करण्याबद्दल तुम्ही थेट विचारलंय, तर थेट उत्तर : ऑटिझमसाठी बंद करू नका. अमेरिकेत १४ मुलांना कडक गहू-दूधमुक्त आहारावर ठेवून, मग आई-वडिलांना, मुलांना आणि तपासणाऱ्यांना न कळू देता अधूनमधून गहू किंवा दूध असलेला खाऊ दिला. वागणं, झोप, शी, कशातच फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, पण अशा काळजीने केलेले अभ्यास मुळात थोडेच आहेत. दुसऱ्या बाजूला, ऑटिझम असलेल्या मुलग्यांच्या हाडांची जाडी कमी आढळली आहे आणि दूध बंद केलेल्यांत ती आणखी कमी. तुमच्या मुलाच्या पाच पदार्थांतून गहू आणि दूध काढलं तर चिप्स उरतात.

दोन अपवाद. वजन वाढत नसेल, पोट सतत फुगत असेल, रक्त कमी असेल तर डॉक्टर सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी सांगतील. ती गहू खात असतानाच करायची. आधी गहू बंद केला तर तपासणी खोटी 'नॉर्मल' येते. दुसरा अपवाद दुधाचा. काही मुलांना गाईच्या दुधातल्या प्रथिनानेच बद्धकोष्ठता होते. औषध नीट देऊनही फरक पडला नाही, तर डॉक्टर दोन-चार आठवडे दूध थांबवून पाहू म्हणतील आणि नंतर पुन्हा सुरू करून पाहतील. तो प्रयोग बद्धकोष्ठतेसाठी असतो, मुदतीचा असतो, आणि त्या काळात कॅल्शियम कुठून द्यायचं हे ठरलेलं असतं.

'डिटॉक्स'चे थेंब मात्र घरात आणूही नका. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा. क्लोरीन डायऑक्साइड, सोडियम क्लोराइट किंवा 'मिरॅकल मिनरल' असं काही असेल तर ते कपडे आणि कागद पांढरे करण्याचं रसायन आहे. ऑटिझम 'बरा' करायला ते मुलांना पाजतात, एनिम्यातूनही देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये त्याविरुद्ध इशारे दिले : जोराच्या उलट्या-जुलाब, जीवघेणा खाली जाणारा रक्तदाब, यकृत निकामी होणं. त्याच वर्षी तुमच्या शेजारी युगांडात ते गावोगाव 'चमत्कारी पाणी' म्हणून पाजलं जात असल्याचं उघडकीला आलं. बाटलीवर काहीच लिहिलेलं नसेल तर आणखी वाईट.

उंटिणीच्या दुधाला माझी ना नाही, त्याच्या नावाने जे सांगतात त्याला आहे. त्यात केसिन (दुधातलं मुख्य प्रथिन) नसतं, असं सांगतात, असतं. ऑटिझमवरचे अभ्यास मोजके आणि छोटे आहेत. इसिओलोहून नैरोबीच्या ईस्टलीत येणारं दूध चांगलं पौष्टिक असतं, मुलाला आवडलं तर द्या. पण उकळून. 'कच्चंच प्यायला हवं, नाही तर गुण जातो' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस हा तापाचा आजार होतो.

आणि आता सासूबाई. माझं मत विचाराल तर तुमच्या पत्रात सगळ्यांत शहाणं वाक्य त्यांचं आहे. फक्त त्या सुचवतात तसं एकदम, ब्रेड काढून उजी पुढे ठेवून, हे जमणार नाही. या मुलाला नवा पदार्थ परक्या माणसासारखा वाटतो. पोत, वास, रंग, भांडं, सगळ्याची भीती असते. उपाशी ठेवलं तर खाईल, हे इतर मुलांबद्दल एक वेळ खरं. काही ऑटिस्टिक मुलं खरोखरच उपाशी राहतात.

उजीची विम्बी म्हणजे आपली नाचणी. पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातूनच ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली, तेव्हा माहेरच्या आणि सासरच्या स्वयंपाकघरात हे धान्य समाईक आहे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, चोथा भरपूर आणि ग्लूटेन नाही. तुम्ही राहता तिथलं जुनं जेवण बघा : उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, विम्बी, म्टामा म्हणजे ज्वारी, न्दुमा म्हणजे अळकुडी, रताळी, गिथेरीतला मका आणि घेवडा, न्देंगू म्हणजे मूग, न्जाही म्हणजे काळे वाल. यात गहू नाहीच. आयात केलेला ग्लूटेनमुक्त ब्रेड विकणाऱ्याला हे माहीत नसेल किंवा सांगायचं नसेल.

सुरुवात चहापासून करा. तुमचा मुलगा काय पितो? गरम, गोड, तपकिरी, दुधाळ. पातळ, गाळलेली, दूध-साखर घातलेली विम्बीची उजीही गरम, गोड, तपकिरी, दुधाळ असते. त्याच्याच कपात, चहाच्या शेजारी, दोन घोट उजी दुसऱ्या तशाच कपात ठेवा. प्यायला सांगू नका. तुम्ही आणि नवरा तीच प्या. पहिले काही दिवस तो कप ढकलेल. मग वास घेईल, बोट बुडवेल. एखादा पदार्थ जिभेवर टेकवायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपल्या मुलाला त्याहूनही जास्त लागतील. चहातच गुपचूप उजी मिसळायचा मोह होईल. नको. त्याला कळलं तर चहावरचाही विश्वास जाईल आणि पाचाचे चार होतील.

पुढची पावलंही अशीच, त्याच्या ओळखीच्या पदार्थाला खेटून. बटाट्याच्या चिप्सच्याच आकारात कापलेलं रताळं, मग न्दुमा. ब्रेडला आधी काहीच न लावता शेजारी बशीत थोडं कुस्करलेलं अ‍ॅव्होकॅडो. तुमच्याकडे ते स्वस्त आणि उत्तम मिळतं, चोथा आणि चांगली चरबी दोन्ही त्यात. गुलाबी योगर्टच्या वाटीत नव्हे, शेजारच्या वाटीत स्ट्रॉबेरी घालून गुलाबी केलेलं माझीवा लाला, म्हणजे तुमच्याकडचं आंबवलेलं दूध. एका वेळी एकच नवा पदार्थ. महिन्यातून एक नवीन स्वीकारला तर मी त्याला उत्तम प्रगती म्हणेन. आणि चोथा वाढवण्याची घाई पोट मोकळं झाल्यावरच. आत गोळा असताना रताळी-कडधान्यं वाढवली तर गॅस आणि कळा वाढतात, आणि मुलाच्या मनात त्या पदार्थाची दुखण्याशी गाठ बसते.

सासूबाईंना पीठ रात्रभर आंबवून उजी करता येत असेल तर तसंच करायला सांगा. आपल्याकडच्या आंबिलीसारखंच ते. आंबवल्याने धान्यातलं लोह आणि कॅल्शियम शरीराला जास्त मिळतं. आंबट चव त्याला लगेच नाही चालणार, ती नंतरची पायरी. पीठ मात्र एका धान्याचंच घ्या. बाजारात शेंगदाणे, सोया, सुकट, दहा धान्यं एकत्र दळलेलं 'पौष्टिक' उजीचं पीठ मिळतं. त्यातलं काय सोसलं, काय नाही, हे तुम्हाला कळणार नाही, आणि बुरशीचीही भीती असते. केनियात २००४ मध्ये मक्यातल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने १२५ माणसं दगावली होती. मका आणि शेंगदाणे निवडून, कोरडे ठेवून वापरा. कळकट, कडवट लागलेला दाणा फेकून द्या.

चहाबद्दल थोडं कडक बोलते. जेवणासोबत चहा दिला तर जेवणातलं लोह अंगी लागत नाही. केनियात काय, सांगलीत काय, मुलांना ब्रेड-चहा देण्याची सवय सारखीच. चहा एकदम तोडू नका, पण जेवणापासून तास-दोन तास दूर न्या आणि पत्ती चिमटी-चिमटीने कमी करत जा. डॉक्टरांकडे जाल तेव्हा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा. माती, खडू, भिंतीचा रंग खात असेल तर आवर्जून सांगा, मग शिशाचीही तपासणी लागते. जंतांचं औषध शेवटचं कधी दिलं तेही सांगा. आहार रुळेपर्यंत जीवनसत्त्वांचं एखादं साधं औषध ते लिहून देतील. ऑटिझमसाठी म्हणून विकले जाणारे मोठ्या मात्रेचे डबे नकोत.

काही खुणांवर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा : शीत रक्त, हिरवी उलटी, फुगून टणक झालेलं पोट, ताप, घटतं वजन. आणि एक, जी कोणाच्या लक्षात येत नाही. मूल एकाएकी लंगडायला लागलं, चालायला नको म्हणालं, हिरड्यांतून रक्त आलं, तर हाडांचे एक्स-रे काढण्याआधी डॉक्टरांना त्याचे पाच पदार्थ सांगा. फळ-भाजी अजिबात न खाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांत क जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही झाल्याची उदाहरणं श्रीमंत देशांतूनही आहेत. संध्याकाळी अंधुक प्रकाशात अडखळत असेल तर अ जीवनसत्त्व.

तुमच्या खाण्याने त्याला ऑटिझम झालेला नाही. यावर लांबलचक लिहीत नाही, कारण लांब लिहिलं की शंका असल्यासारखं वाटतं.

नवऱ्याचं म्हणणं मला समजतं. बापाला काही तरी करायचं असतं आणि पैसे भरणं हे काही तरी केल्यासारखं वाटतं. त्याला दुसरं काम द्या. खाण्याच्या अडचणींवर काम करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे महिन्यातून दोनदा मुलाला घेऊन जायला सांगा. पॅकेजच्या पैशांत अशा बऱ्याच भेटी होतील. पालकांनीच उभी केलेली 'ऑटिझम सोसायटी ऑफ केनिया' नैरोबीत आहे. कोणता थेरपिस्ट खरोखर मुलांच्या खाण्यावर काम करतो, हे इतर आई-वडिलांइतकं कोणी सांगणार नाही. आणि डॉक्टरांकडून शाळेसाठी एक चिठ्ठी घ्या : हे संसर्गाचे जुलाब नाहीत, मुलाला घरी पाठवू नये, चड्डी बदलायला मदत करावी, मधल्या सुट्टीनंतर संडासात बसू द्यावं.

राहिलं एरंडेल. साचलेल्या घट्ट शीवर ते दिलं की पोटात जोराच्या कळा येतात, गोळा मात्र तिथेच राहू शकतो. आधीच शी म्हणजे दुखणं हे शिकलेल्या मुलाला हा धडा पुन्हा द्यायला नको. आईला तसं कळवा. तिला काही पाठवायचंच असेल तर देवघरातला बुटका लाकडी पाट पाठवू दे, संडासात पायाखाली ठेवायला. देवघरातला म्हटल्यावर ती द्यायची नाही, मग जेवणाचा.